ओरुक-बुलाकची पुस्तकं परत का येत नसत

मार्चमधल्या एका मंगळवारी सोनुनबू नवा कोट घालून तालुक्याला बैठकीला गेली आणि संध्याकाळी घरी आली तेव्हा कोटाचं वरचं बटण गायब होतं. ते तिनेच बैठकीत बसल्याबसल्या पिळून पिळून तोडलं होतं. बटण तुटलं पण तोंडातून शब्द काढला नाही, हे विशेष, कारण ओरुक-बुलाक गावच्या या ग्रंथपालबाईंना गप्प बसलेलं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

झालं होतं असं. राजधानीहून आयजारकीन नावाची एक मुलगी आली होती. मुलगी म्हणायचं आपलं, तिशी उलटलेली बाई ती, पण सोनुनबूच्या चोपन्न वर्षांपुढे मुलगीच. चांगलं सार्वजनिक वाचनालय कशाला म्हणायचं, याचे देशभरासाठी निकष ठरवायचं काम तिच्या गटाकडे होतं. बेचाळीस कलमांचा मसुदा तयार होता. तो पक्का करण्याआधी खेड्यांतल्या ग्रंथपालांचं म्हणणं ऐकायचं, असा तिचा हट्ट. म्हणून नऊ गावांच्या नऊ बायका टेबलाभोवती बसल्या, चहा आला, आणि आयजारकीन एकेक कलम वाचू लागली.

हजार माणसांमागे खुर्च्या किती. टेबलावर उजेड किती. दार आत उघडावं की बाहेर. नववं कलम, वाचनालयात शांतता राखावी. अकरावं, आलेल्या वाचकाला अर्ध्या मिनिटाच्या आत विचारावं की आपल्याला काय हवं आहे.

"अर्ध्या मिनिटात?" सोनुनबू म्हणाली. "पोरी, अर्ध्या मिनिटात आमच्याकडे नुसती सासूची तब्येत विचारून होते. मग सासरा राहिला, पोरं राहिली, गाय राहिली. गाईचं विचारलं नाही तर माणूस रुसून निघून जातो, पुस्तक राहतं बाजूला."

सगळ्या हसल्या. आयजारकीनही हसली आणि तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं. सोनुनबूला पोरगी आवडली. इथवर सगळं झकास चाललं होतं.

मग आलं सत्तावीस नंबरचं कलम. दिलेल्या शंभर पुस्तकांपैकी निदान साठ महिन्याच्या मुदतीत परत आली पाहिजेत. जिथे येत नाहीत ते वाचनालय बंद करावं आणि त्या गावाला महिन्यातून एकदा तालुक्याची पुस्तकांची गाडी पाठवावी.

तालुक्याच्या वाचनालयाचे प्रमुख तोपचुबाय आका, म्हणजे सगळ्यांचे दादा, यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि नऊ गावांचे गेल्या वर्षाचे आकडे वाचून दाखवले. एकाचे सत्तर, एकाचे चौसष्ट, एकाचे एकाहत्तर. "ओरुक-बुलाक," ते म्हणाले आणि थांबले. "तेवीस. सोनुन, तुमच्याकडे लोक पुस्तकं वाचतात की चुलीत घालतात?"

पुन्हा सगळ्या हसल्या. या वेळी सोनुनबू हसली नाही. तिने बटणाला हात घातला.

आयजारकीन म्हणाली की अजून काही ठरलेलं नाही, एप्रिल ते जून या तीन महिन्यांत नऊही गावांत निकष लावून पाहायचे, जूनअखेर ती स्वतः येऊन बघेल. बोलली गोड, पण सोनुनबूला ते गोड लागलं नाही. एकोणतीस वर्षं ती त्या दोन खोल्यांमध्ये बसत होती. शेगडी तिने लावलेली, फळ्यांना रंग तिने दिलेला, आणि सहा हजार पुस्तकांतलं कुठलं कुठे आहे ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. गाडी म्हणे. भाजी विकायला येते तशी.

तरी निघताना तिने पिशवीतून वाळवलेल्या जर्दाळूंनी भरलेला पत्र्याचा डबा काढला आणि आयजारकीनच्या हातात दिला. पाहुणी इतक्या लांबून आलेली, डबा घरून तिच्यासाठीच आणलेला. राग आपल्या जागी, डबा आपल्या जागी. "झाकणावर निळा पक्षी आहे, माझ्या आईचा डबा आहे," ती म्हणाली. "परत कर हं."

"नक्की, एजे," आयजारकीन म्हणाली. एजे म्हणजे ताई, आणि सोनुनबूला गावात निम्मी माणसं तसंच म्हणतात, पण राजधानीच्या तोंडून ऐकून तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने कामाला हात घातला. पहिला उपाय सोपा होता. तिने मोठा कागद घेतला, लाल शाईने मुदत टळून गेलेल्यांची नावं लिहिली आणि तो वाचनालयाच्या दारावर चिकटवला. एकशे चाळीस नावं. त्यात शाळेचे मुख्याध्यापक होते, सुईण होती आणि तिचा स्वतःचा दीर होता. परिणाम लगेच दिसला. आठवडाभर वाचनालयात कुणी फिरकलं नाही. दीर तर रस्ता बदलून जाऊ लागला, आणि गावाला रस्ते दोनच असल्यामुळे त्याला रोज पाटाचं पाणी ओलांडावं लागे.

आठव्या दिवशी तिने कागद फाडला. मारून नाही तर गोंजारून, असं ठरवून तिने एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सगळ्या गावाला चहाला बोलावलं. कुणाला बोल लावायचा नाही, दंड नाही, पुस्तक आणा आणि चहा घ्या. तिने आदल्या दिवशी कणीक मळून परातभर बोरसोक, म्हणजे फुगीर पुऱ्यांचे तुकडे, तळले. गाव आलं. झाडून सगळं आलं. चहा प्यायले, बोरसोक खाल्ले, गप्पा मारल्या, वाचनालय कसं छान आहे म्हणाले. पुस्तक एकानेही आणलं नव्हतं. सोनुनबूने कपाळाला हात लावला, पण आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं, म्हणून उरलेले बोरसोक तिने घरी असलेल्यांसाठी वाडग्यांमध्ये घालून ज्याच्या त्याच्या हातात दिले. तेवीस वाडगे गेले.

तीन दिवसांत तेवीसच्या तेवीस वाडगे परत आले.

एकही रिकामा नव्हता. कुणी अंडी घातली होती, कुणी घरचं दही, कुणी अक्रोड, मुख्याध्यापकांच्या बायकोने शेवया. सोनुनबू टेबलावर वाडग्यांची रांग मांडून बघत राहिली. या गावातली माणसं वाडगा तीन दिवसांत परत करतात आणि पुस्तक तीन वर्षांत करत नाहीत. घोडं नेमकं पेंड खातंय कुठे, ते काही तिला कळेना.

शेवटचा वाडगा घेऊन शेजारची उलकान आली. दोघी बरोबरीच्या, एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, त्यामुळे दोघींत मुरवत वगैरे भानगड नव्हती. उलकानच्या वाडग्यात साय होती, जाड, बोटाने उचलता येईल अशी.

"साय आणलीस, छान केलंस," सोनुनबू म्हणाली. "आणि पुस्तक? कोंबड्यांचं पुस्तक दोन वर्षं तुझ्याकडे आहे. गिळलंस का?"

"आहे की घरी. कापडात गुंडाळून ठेवलंय. जपून आहे अगदी."

"मग आणलं का नाहीस?"

उलकान तिच्याकडे असं बघू लागली की बाई शुद्धीवर आहे ना. "काय घालून आणू? गाय आटली होती सहा महिने. आता व्याली, तर साय वाडग्यात गेली. पुढच्या आठवड्यात साठली की पुस्तकाबरोबर आणते."

"पुस्तकाबरोबर साय कशाला हवी?"

"वा ग वा. आता कशाला म्हणे," उलकानने कमरेवर हात ठेवले. "तूच शिकवलंस ना. नवी नवी लागली होतीस, मी पहिलं पुस्तक परत आणलं, बरोबर वाटीभर साय आणली. तू इथे उभी राहून, बोटाने चाटून खाल्लीस, आणि दहा बायकांच्या देखत म्हणालीस, बघा, पुस्तक परत करावं तर उलकानसारखं. आठवतंय? तेव्हापासून गावात कोणी तुझ्या टेबलावर रिकामं पुस्तक ठेवलंय का, सांग बरं."

सोनुनबूला आठवलं, आणि ती खुर्चीत बसली. खरंच कुणी ठेवलं नव्हतं. पुस्तकाबरोबर अक्रोड यायचे, सफरचंदं यायची, कुरुतच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, गोळ्या यायच्या, आणि जुलैत जर्दाळू पिकले की गावची निम्मी पुस्तकं एकदम परत यायची. एकोणतीस वर्षं ती समजत होती की हे सगळं आपल्यासाठी आहे. आपला स्वभाव गोड, म्हणून लोक घेऊन येतात. कपाटात बरण्या भरून ठेवताना ती मनातल्या मनात सुखावायची. आणि लोक मात्र शेजारणीचा वाडगा भरून द्यावा तसं पुस्तक भरून देत होते, आणि भरायला काही नसलं की पुस्तक घरी ठेवून घेत होते.

"रिकामं आणा," ती म्हणाली. "मी सांगते ना. उद्यापासून सगळ्यांना सांग, रिकामंच आणायचं."

"सांगून बघ तू," उलकान म्हणाली. "माझ्याकडून व्हायचं नाही ते. सासू वरून बघतेय माझी." जाता जाता ती दारात थांबली. "आणि रागावू नकोस, पण झियादाचं काय झालं तेही बघ. ती तर कधीची यायची बंद झाली."

झियादा शिवणकाम करायची. नवरा कामाला म्हणून परदेशी गेला तो चार वर्षांपूर्वी फोन करायचाही थांबला. घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि एक मशीन. तिच्याएवढं वाचणारं माणूस गावात दुसरं नव्हतं. आठवड्याला दोन पुस्तकं न्यायची, उभ्याउभ्या पहिलं पान वाचायची. आणि चार वर्षांपूर्वी एकदम यायची थांबली. सोनुनबूने तेव्हा मनात म्हटलं होतं, शिंगं फुटली हिला. रस्त्यात भेटली तरी ती झियादाशी तुटक बोलायची.

त्या दुपारी वाचनालय बंद करून ती झियादाकडे गेली.

झियादाने चहा टाकला, सासूच्या पाठीशी उशी दिली, नान मोडून समोर ठेवली. पुस्तकाचा विषय सोनुनबूला काढावाच लागला नाही. झियादा उठली, भिंतीशी रचलेल्या रजयांच्या चळतीवरून तिने एक गाठोडं खाली काढलं. आत हिरव्या पुठ्ठ्याची जाडजूड कादंबरी होती. पुठ्ठा फाटला होता तिथे शिवणीच्या बारीक टाक्यांनी जोडला होता.

"एजे, मला लाज वाटते," ती म्हणाली. "दरवेळी म्हणायचे, या महिन्यात काहीतरी होईल. अंडी होतील, पीठ जास्तीचं होईल. आणि जितका उशीर झाला तितकं जास्त घालून न्यावं लागणार ना. वर्ष झाल्यावर मूठभर अक्रोड कसे न्यायचे? दोन वर्षं झाल्यावर तर वाटलं, आता शेळीच न्यावी लागेल."

हे ती हसत म्हणाली, पण सोनुनबूला हसू आलं नाही. चाटलेल्या एका वाटीभर सायीपायी या पोरीला चार वर्षं पुस्तक मिळालं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला आणि तिने चहा खाली ठेवला.

"चार वर्षं मग काय वाचलंस?" तिने विचारलं.

"हेच. अकरा वेळा. आईंना मोठ्याने वाचून दाखवते." सासूने उशीवरूनच मान हलवली. "एजे, तुम्ही वाचलंय ना हे?"

सोनुनबूने ते पुस्तक तीस वेळा झटकलं होतं, दोनदा चिकटवलं होतं, वाचलं मात्र नव्हतं. "सांग तूच," ती म्हणाली.

आणि झियादा सांगू लागली. बंदरावरच्या एका गावातली बाई, नवरा जहाजावर गेलेला, ती रोज धक्क्यावर जाते. गावाला वाटतं ती वाट बघते. ती खरं तर दोऱ्या वळायचं शिकायला जाते, आणि शेवटी गावातली सगळी जहाजं तिच्या दोऱ्यांनी बांधलेली असतात. मध्येच सासू म्हणायची, "तो मासेवाला राहिला," की झियादा मागे जाऊन मासेवाल्याला घेऊन यायची. समुद्र तिघींपैकी कुणी पाहिलेला नव्हता. चहा तीनदा भरला गेला. गोष्ट संपली तेव्हा सोनुनबूने डोळे पुसले आणि मोठ्याने नाक शिंकरलं.

"हे घालून आण," ती म्हणाली.

"काय?"

"हेच, आत्ता सांगितलंस ते. पुस्तक माझ्याकडून गोष्ट भरून जातं ना? मग गोष्ट भरूनच परत यायला हवं. साय कुठून आली मध्येच? पुस्तकाबरोबर साय घालणं म्हणजे कोटाच्या बदल्यात कोबी देण्यासारखं झालं."

दुसऱ्याच दिवशी हा नियम गावभर झाला. पुस्तक परत आणणाऱ्याने टेबलापाशी उभं राहून पुस्तकात काय होतं ते सांगायचं. तोच त्याचा वाडगा. अंडी, अक्रोड, साय मोजणीत धरली जाणार नाही, आणली तर सगळ्यांत वाटली जाईल. आवडलं नसेल तर का आवडलं नाही ते सांगायचं. वाचलंच नसेल तर तसं सांगायचं, खोटं मात्र चालणार नाही.

पहिल्या दिवशी तिघे आले. उलकान कोंबड्यांचं पुस्तक घेऊन आली आणि लेखकाला कोंबड्यांतलं ओ की ठो कळत नाही हे तिने अर्धा तास पटवून दिलं. ते ऐकायला लोक दारात थांबले. मग ऐकणारे वाढले, तसे सांगणारेही वाढले. माणसाला श्रोते मिळाले की त्याला आवरणं कठीण. ट्रॅक्टर चालवणारा अब्दिमितल मान खाली घालून आला आणि म्हणाला, "एजे, मी चौथ्या पानावर झोपलो. तीन वर्षांत पाच वेळा सुरू केलं, पाचही वेळा चौथ्याच पानावर." लोक इतके हसले की शेगडीवरची किटली उतू गेलेली कुणाला कळली नाही. "त्या पानावर आहे तरी काय ते बघू," म्हणत मुख्याध्यापकांनी तेच पुस्तक घरी नेलं. दीर पाटाचं पाणी न ओलांडता सरळ रस्त्याने आला.

फक्त झियादा आली नाही. चार वर्षांचा उशीर, एवढ्या लोकांसमोर उभं राहायचं, तिला धीर होईना. सोनुनबूने दोनदा निरोप धाडला आणि मग गप्प बसली, कारण ओढून आणण्यात काही अर्थ नव्हता.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी तोपचुबाय आकांच्या गाडीतून आयजारकीन आली. वाचनालयात त्या वेळी पंचवीसेक माणसं होती, खिडकीत दोघं चढून बसलेली, आणि सुईणबाई एका खुनाच्या कादंबरीतला खुनी आपल्याला तिसऱ्याच प्रकरणात कसा कळला ते हातवारे करून सांगत होत्या. तोपचुबाय आका दारातच थबकले.

"हे काय चाललंय? नववं कलम, शांतता," ते कुजबुजले.

"शांतता पलीकडच्या खोलीत आहे, आका," सोनुनबू म्हणाली. "तिथे वाचणारे बसलेत. तुम्हाला हवी असेल तर जाऊन बसा."

आयजारकीन मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकू लागली. तोपचुबाय आकांनी नोंदवही मागवून घेतली आणि खिडकीशी उभं राहून तीन महिन्यांची मोजदाद केली. मग त्यांनी सोनुनबूला बाजूला बोलावलं.

"अठ्ठावन्न," ते हळूच म्हणाले. "शंभरात अठ्ठावन्न मुदतीत आलीत. तेवीसवरून अठ्ठावन्न, मानलं तुला. आता असं कर, चार-पाच तारखा पुढे-मागे लिही. साठ होतील. मी काही पाहिलं नाही. आपण काय आज ओळखतो एकमेकांना?"

आका मनाने वाईट नव्हते, आणि त्यांच्या तरुणपणी असे आकडे जुळवणं हेच चांगल्या माणसाचं लक्षण होतं. पेन त्यांनी स्वतःचं पुढे केलं. सोनुनबूने ते हातात घेतलंही. दोन खोल्या, शेगडी, निळा रंग दिलेल्या फळ्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. चार तारखा फक्त.

मग तिचं लक्ष बाकावर बसलेल्या अब्दिमितलकडे गेलं. चौथ्या पानावर झोपलो, असं हा गडी साऱ्या गावापुढे खरं सांगून गेला होता, कारण तिनेच सांगितलं होतं की खोटं चालणार नाही. तिने पेन परत दिलं.

"अठ्ठावन्नच राहू दे, आका," ती म्हणाली.

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली आणि झियादा आत आली. पुस्तक छातीशी धरलेलं, चेहरा लाल. सुईणबाईंनी खुनी अर्धवट सोडला आणि तिला जागा करून दिली.

"हे चार वर्षं माझ्याकडे होतं," झियादा म्हणाली. एवढंच म्हणून ती थांबली. "आईंनी आज हाकललं मला. म्हणाल्या, मासेवाला विसरू नकोस."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. पहिली पाच वाक्यं तिने टेबलाकडे बघत सांगितली. दोऱ्या वळायच्या जागी आली तेव्हा तिचे हात आपोआप वर आले आणि हवेत दोरी वळू लागले, आणि मग तिला लोकांचा विसर पडला. नवरे परदेशी कामाला गेलेल्या निदान आठ बायका त्या खोलीत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. गोष्ट संपली तेव्हा उलकान पुढे झाली, तिने झियादाच्या हातातून पुस्तक घेतलं आणि सोनुनबूपुढे आपटलं. "माझ्या नावावर लिही. आत्ताच्या आत्ता."

"मुदतीत नाही हे," तोपचुबाय आका सवयीने पुटपुटले. "चार वर्षं उशीर. धरता येणार नाही." त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही, मग त्यांनीही चष्मा काढून पुसला.

निघायच्या वेळी आयजारकीन सोनुनबूला घेऊन अंगणात आली. जर्दाळूच्या झाडाखाली पिकलेली पहिली फळं पडली होती. आयजारकीनने एक उचललं आणि ती ते पुसत राहिली. सोनुनबूला वाटलं, आता ही बंद करायचं सांगणार.

"एजे, तुमचा डबा मी आणला नाही," आयजारकीन म्हणाली.

"असू दे. डब्याचं काय एवढं."

"तसं नाही. तीन महिन्यांत दोनदा पिशवीत घातला होता. माझी आई म्हणाली, रिकामा नेलास तर याद राख. आणि भरायला मला वेळ झाला नाही, म्हणून पुन्हा फळीवर ठेवला." तिने मान खाली घातली. "सत्तावीस नंबरचं कलम मी लिहिलंय. मी एकटीने."

सोनुनबू एवढी हसली की तिला झाडाला धरावं लागलं. पण निकालाचं आयजारकीन काही बोलली नाही. ठरवणारा गट सात जणांचा, तिचं एकटीचं चालत नव्हतं. ती गाडीत बसून गेली.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. जर्दाळू वाळवून झाले. तालुक्याहून काही पत्र नाही. सोनुनबू रोज वाचनालय उघडायची, रोज कुणीतरी येऊन सांगायचं, ती हसायची, आणि संध्याकाळी कुलूप लावताना उद्या ते उघडायला मिळेल ना, असं तिच्या मनात यायचं. झियादा आता आठवड्याला दोन पुस्तकं नेत होती. तिला रोज बघून सोनुनबूला बरंही वाटायचं आणि जास्तच भीतीही वाटायची.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिनीबसच्या ड्रायव्हरने दारात भोंगा वाजवला आणि एक पुडकं दिलं. कागद फाडला तर आत निळ्या पक्ष्याचा डबा. सोनुनबूने तो हलवून पाहिला. रिकामा नव्हता. आत वाजणारं काही नव्हतं, पण जड होता.

झियादा पुस्तक बदलायला आली होती. सोनुनबूने डबा तिच्यापुढे सरकवला, झाकण झियादानेच काढलं. आत आयजारकीनच्या आईने केलेल्या मिठाईचा थर होता आणि त्याच्यावर मेणकागदात गुंडाळलेली पातळ पुस्तिका. सार्वजनिक वाचनालयांचे निकष, बेचाळीस कलमं. ताजी छापलेली, शाईचा वास येणारी.

"सत्तावीस काढ," सोनुनबू म्हणाली. "मला चष्मा सापडत नाही." चष्मा तिच्या डोक्यावर होता.

झियादाने पान काढलं आणि वाचलं. "पुस्तकं मुदतीत परत येत नसतील तर वाचनालय बंद करण्याचा विचार करू नये. ग्रंथपालाने आधी वाचकाच्या घरी जावं, चहा घ्यावा, आणि पुस्तक का आलं नाही ते विचारावं."

"चहा घ्यावा असं छापलंय?"

"छापलंय, एजे. हे बघा."

सोनुनबूने बघितलं. मग तिने पुस्तिका टेबलावर ठेवली, तिच्यावर तळहात ठेवला आणि रडली, अगदी मोकळेपणी, झियादासमोर. झियादाने मिठाईचा एक तुकडा तिच्या हातात दिला.

रडून झाल्यावर तिने पुस्तिकेला दाखल क्रमांक दिला, शिक्का मारला आणि कुठल्या फळीवर ठेवावी ते बघू लागली.

"मी नेऊ का ही?" झियादाने विचारलं. "आज दुसरं काही नको. आईंना वाचून दाखवते."

"निकष? त्यांना काय कळणार त्यातलं?"

"निदान अकरा वेळा तरी वाचावे लागतील," झियादा म्हणाली आणि पुस्तिका पिशवीत घातली. "पण परत आणताना सगळी बेचाळीस कलमं सांगून दाखवीन. ऐकायला माणसं गोळा करून ठेवा."